एकोणीस जणांचे चार झाले, आता वर्ग चालू ठेवू का?

पत्र (थोडं कमी करून)

जय ख्रिस्त काकू. मी ३३ वर्षांची, श्रीरामपूरच्या बाजूला एका गावात राहते, झेडपीच्या शाळेत शिकवते. आमची मंडळी, म्हणजे चर्च, जुनी आहे, सासरची ही चौथी ख्रिस्ती पिढी. इस्टर झाल्यावर पाळकसाहेबांनी मला तरुणांसाठी शिष्यत्वाचा, म्हणजे येशूच्या मागे चालायला शिकायचा, वर्ग घ्यायला सांगितलं. १२ धड्यांचं पुस्तक दिलं, मी झेरॉक्स काढून वाटल्या, व्हॉट्सॲप ग्रुप केला. पहिल्या गुरुवारी १९ पोरं-पोरी आली, मला इतका आनंद झाला की रात्री झोप नाही. सातव्या धड्याला चार जण उरले. ग्रुपवर रोज वचन टाकते, खाली सगळे आमेन लिहितात आणि गुरुवारी कोणी येत नाही.

एक मुलगा आहे, उपासनेत कीबोर्ड वाजवतो, २२ वर्षांचा, एकही गुरुवार चुकवला नाही त्याने. धड्यातल्या सगळ्या रिकाम्या जागा बरोबर भरतो. परवा त्याच्या आईने सांगितलं की जमिनीच्या वाटणीवरून तो दिवाळीपासून बापाशी बोलत नाही, बाप जेवायला बसला की हा ताटावरून उठतो. आणि क्षमेच्या धड्यात त्याची सगळी उत्तरं बरोबर होती. मला वाटलं, मग मी शिकवलं काय? एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करते म्हणून यायची बंद झाली, तिच्यासाठी जीव तुटतो. मोठी माणसं म्हणतात आम्ही कुठले वर्ग केले, आम्ही काय ख्रिस्ती नाही का. पाळकसाहेबांना वार्षिक अहवालात आकडा लिहायचाय. पुस्तक बदलू का? की सोडूनच देऊ? मला अगं-तुगं म्हणा काकू, मोकळं सांगा.
— एक बहीण

उत्तर

जय ख्रिस्त. मोकळं सांगते. सोडू नकोस, पण हा वर्ग आहे तसा चालवूही नकोस, आणि नवीन पुस्तक तर अजिबात विकत घेऊ नकोस कारण तुझा प्रश्न पुस्तकाचा नाहीच आहे.

तुझं पत्र मी दोनतीनदा वाचलं आणि दर वेळी त्या कीबोर्डवाल्या मुलापाशी येऊन थांबले. तू विचारतेस मी शिकवलं काय. अगं, तू क्षमेबद्दल शिकवलंस आणि ते त्याला आलं, त्यात खोट काही नाही, फक्त क्षमेबद्दल माहिती असणं आणि बापासमोर ताट घेऊन बसणं यांच्यामध्ये जे अंतर आहे ते गुरुवारच्या त्या एका तासात कापलं जात नाही, ते कापायला सोबत कोणीतरी माणूस लागतो. आणि बघ ना, त्याच्या घरातली गोष्ट तुला वर्गात नाही कळली, त्याच्या आईशी बोलताना कळली. सात आठवडे तो तुझ्यासमोर बसत होता आणि तुला पत्ता नव्हता. यात तुला दोष देत नाहीये, ती मांडणीच तशी आहे, समोरासमोर खुर्च्या, हातात झेरॉक्स, एक बोलणार आणि बाकीचे लिहिणार. त्यात माणूस दिसत नाही.

मेथडिस्ट मंडळींच्या, म्हणजे जॉन वेस्लीपासून सुरू झालेल्या ख्रिस्ती पंथाच्या, इतिहासात याची एक छान गोष्ट आहे. १७४२ साली इंग्लंडात ब्रिस्टलला जॉन वेस्लीच्या लोकांवर चॅपलच्या बांधकामाचं कर्ज होतं. ते फेडायचं कसं, तर ठरलं की दर आठवड्याला प्रत्येकाने एक पेनी द्यायची, साधारण बारा जणांमागे एक पुढारी नेमायचा आणि त्याने दर आठवड्याला त्यांच्याकडे जाऊन पैसे गोळा करायचे, ज्याला जमणार नाही त्याचे त्या पुढाऱ्याने भरायचे. बस एवढंच, वर्गणीची व्यवस्था. पण घरोघरी जायला लागल्यावर हे पुढारी परत येऊन सांगायला लागले की अमक्याच्या घरी काही ठीक नाही, तमका जसं वागायला पाहिजे तसं वागत नाहीये. आणि वेस्लीच्या लक्षात आलं की अरे, आपल्याला हवं होतं ते हेच. मग त्या पैसे गोळा करणाऱ्यांनाच त्याने आत्म्यांची काळजी घ्यायचं काम दिलं, आणि मेथडिस्टांचे 'क्लास' म्हणतात ते इथून सुरू झाले. विचार कर, वर्गणीसाठी दारात गेलेल्या माणसाला जे कळलं ते व्यासपीठावरून उपदेश करणाऱ्याला कळलं नव्हतं.

आता शास्त्रात बघू. मार्क ३:१४ उघड. येशूने बारा जणांना नेमलं ते कशासाठी, तर आधी त्यांनी त्याच्यासोबत असावं म्हणून, आणि मग त्याने त्यांना उपदेशाला पाठवावं म्हणून. सोबत असणं पहिलं आहे, आणि ते सोबत असणं म्हणजे काय हे पुढची सगळी पानं दाखवतात, होडीत, रस्त्यात, शेतातून जाताना, कोणाच्या तरी घरी जेवायला बसलेले असताना, भांडत असताना की आपल्यात मोठा कोण. शिकवण त्याच्या मधेमधे येते. डोंगरावरचं प्रवचन आहे, नाही असं नाही, पण पेत्राचा पेत्र झाला तो प्रवचन ऐकून घरी गेला म्हणून नाही, तीन वर्षं येशूच्या मागे मागे फिरला म्हणून.

पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते प्रेषितांची कृत्ये अध्याय १८. तुझ्यासारखीच्या कामाचा आहे म्हणून नीट सांगते. प्रेषित पौल करिंथ शहरात येतो तेव्हा त्याला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे नवरा-बायको भेटतात, रोममधून यहुद्यांना बाहेर काढलं म्हणून आलेले. त्यांचा धंदा तंबू बनवायचा, पौलाचाही तोच, म्हणून तो त्यांच्याच घरी राहतो आणि त्यांच्यासोबत काम करतो. करिंथात तो दीड वर्ष होता. आता या दोघांसाठी पौलाने कुठला कोर्स घेतला असं काही लिहिलेलं नाही, एवढंच लिहिलंय की एका घरात राहिले आणि एकत्र काम केलं. पुढे इफिसला अपुल्लोस येतो, मोठा विद्वान, शास्त्रात पारंगत, बोलण्यात आवेश, पण त्याला फक्त येशूच्या आधी आलेल्या योहानाचा बाप्तिस्मा माहीत. हे नवरा-बायको सभास्थानात त्याचं ऐकतात, तिथे उठून त्याला दुरुस्त करत नाहीत, त्याला आपल्याकडे घेतात आणि देवाचा मार्ग आणखी नीट समजावून सांगतात. तंबू शिवणारी एक बाई आणि तिचा नवरा एका विद्वान वक्त्याला शिकवतात आणि तो शिकून घेतो. आणि मग हाच अपुल्लोस अखयात जाऊन तिथल्या विश्वासणाऱ्यांना इतका उपयोगी पडतो. पौलाकडून या दोघांकडे, यांच्याकडून अपुल्लोसकडे, त्याच्याकडून पुढे. २ तीमथ्य २:२ मध्ये पौल जे सांगतो, की तू माझ्याकडून ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपव म्हणजे ते इतरांना शिकवतील, ते इथे आधीच घडून गेलेलं आहे, एका कामाच्या जागेत आणि एका घरात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की १९ जणांचा विचार आता बाजूला ठेव. चार आहेत ना, त्यातल्याही दोन मुली धर. (मुली असतील असं धरून चालते, पुढे सांगते का.) त्यांना घरी बोलाव. व्हॉट्सॲपवर रोज वचन टाकणं बंद केलंस तरी चालेल, खरंच, ते आमेन लिहिणं म्हणजे त्यांच्यासाठी हजेरी झालीये, आणि एकदा हजेरी लागली की माणूस मोकळा होतो. त्यापेक्षा एकीला फोन कर आणि विचार की परवा तुझ्या आजीचं ऑपरेशन होतं ते कसं झालं.

एक गुरुवार कसा घ्यायचा ते सांगते. मार्कचं शुभवर्तमान घे, सगळ्यात छोटं आहे, बायबल सोसायटीच्या सुट्या पुस्तिका मिळतात, सोप्या मराठीतली घे, म्हणजे पेनाने रेघा मारायला कोणी घाबरत नाही. समज, तुम्ही दहाव्या अध्यायात आहात, बार्तिमय आंधळा. आधी चहा कर. चहा पिताना आठवडा कसा गेला ते निघतंच. मग एकीने मोठ्याने वाचायचं, ४६ ते ५२, सातच ओव्या आहेत. मग पुस्तिका बंद करायच्या आणि दुसरीने ती गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायची, जशी शेजारच्या बाईला सांगेल तशी. इथेच निम्मं काम होतं बघ, कारण सांगताना ती अडखळते, म्हणते थांबा, त्याला गप्प बस कोण म्हणालं, लोक म्हणाले की शिष्य म्हणाले, आणि परत पुस्तिका उघडते. मग तू फक्त विचारायचं, यात येशू कसा आहे? आणि गप्प बसायचं. शिक्षकांना हे सगळ्यात अवघड जातं, अर्धा मिनिट कोणी बोललं नाही की आपणच उत्तर देऊन टाकतो. नको देऊस. बसू दे त्यांना. कोणीतरी म्हणेल की एवढ्या गर्दीत तो एका भिकाऱ्यासाठी थांबला. कोणीतरी म्हणेल की आंधळ्याला काय पाहिजे ते दिसतच होतं ना, तरी येशूने त्याला विचारलं की मी तुझ्यासाठी काय करू, हे का विचारलं असेल. त्याचं उत्तर तुला माहीत असलं तरी लगेच देऊ नकोस. शेवटचा प्रश्न, या आठवड्यात यातलं काय करायचं? मोठं काही नको, एकच, आणि करता येईल असं. 'मी जास्त प्रार्थना करेन' हे चालणार नाही, 'आमच्या गल्लीत वेडी म्हणतात त्या बाईशी मी थांबून बोलेन' हे चालेल. आणि तूही सांगायचं तू काय करणार. पुढच्या गुरुवारी चहाच्या वेळी पहिलं तेच विचारायचं, जमलं का? नाही जमलं तर रागवायचं नाही, विचारायचं कुठे अडलं. झालं. एवढंच आहे, सव्वा तासाच्या वर नाही, आणि याला कुठलंही झेरॉक्स लागत नाही.

ती पोलीस भरतीवाली मुलगी. तिच्यावर विश्वास कमी पडला असं कोणी म्हणत असेल तर तू तरी म्हणू नकोस. गरिबाघरच्या पोरीला वर्दी मिळणं म्हणजे काय असतं ते तुला गावात राहून माहीत आहे. ती पहाटे ग्राउंडवर धावायला जात असेल, तर आठवड्यातून एक दिवस तू जा तिकडे. धावू नकोस, कडेला बस, पाण्याची बाटली धर, तिचा टायमिंग लाव मोबाईलवर. संपलं की पाच मिनिटं दोघी बसा, एक ओवी वाचा, तिच्या परीक्षेसाठी प्रार्थना कर आणि शाळेत जा. ती वर्गाला येत नाही म्हणून तुझा जीव तुटतो म्हणालीस ना, मग तिला वर्गात आणायची गरजच काय, तू तिच्याकडे जाऊ शकतेस. आणि भरतीत जे खरे प्रश्न येतात, कोणी पैसे मागितले तर काय, नाही झालं सिलेक्शन तर देवाने ऐकलं नाही का, ते प्रश्न ती तिथेच त्या कडेला बसून विचारेल बघ, हॉलमध्ये नाही विचारणार.

आता कीबोर्डवाला. त्याला तू एकटीने हाताळू नकोस. तरुण मुलगा आहे, तू तरुण बाई आहेस, गाव लहान आहे, आणि त्याशिवायही त्याच्या मनात जो गुंता आहे तो बापाचा आहे, त्याला बापाच्या वयाचा माणूस लागेल. मंडळीत असा कोणी शोध ज्याने स्वतः वाटणी पाहिलीये, भावाशी कोर्टात गेलाय किंवा जायचा थांबलाय, आणि जो आज नीट उभा आहे. पाळकसाहेबांना विचार, त्यांना माहीत असतो असा माणूस. त्याला सांग की या पोराला उपदेश करू नका, त्याला तुमच्याबरोबर न्या, बाजार समितीत माल घेऊन जाताना न्या, मोटार दुरुस्त करायला न्या. पोरगा स्वतःहून बोलेल तेव्हा ऐका. आणि हो, वाटणीत बापाचं चुकलंही असू शकतं, ते तपासल्याशिवाय पोराला 'क्षमा कर' म्हणून दाबू नका, क्षमा म्हणजे हिस्सा सोडणं असं होत नाही, ते दोन वेगळे विषय आहेत, एक देवासमोर सुटतो आणि दुसरा तहसील कचेरीत नाहीतर कोर्टात. त्याच्या आईने तुला जे सांगितलं ते मात्र तुझ्यापाशीच राहू दे, प्रार्थनेचा विषय म्हणूनसुद्धा सभेत काढायचं नाही. आपल्याकडे प्रार्थनेच्या विनंतीतून किती घरांची अब्रू गावभर झालीये. त्या नेमलेल्या माणसालाही आईच्या परवानगीशिवाय सांगू नकोस.

मोठी माणसं म्हणतात आम्ही कुठले वर्ग केले. मला विचारशील तर ती बरोबर बोलतात, आणि तुला मदत हवी असेल तर ती तिथेच आहे. पौल त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो तेव्हा त्याच्या विश्वासाचा उगम कुठे दाखवतो, आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात. घरातल्या दोन बायका. तुझ्या मंडळीत ७२ चा दुष्काळ पाहिलेल्या म्हाताऱ्या असतील, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेलेल्या, त्यांना विचार त्या वर्षी देवावरचा विश्वास कसा टिकवला, काय प्रार्थना करायच्या, कुठलं गीत गायच्या. त्यांना आजवर कोणी हे विचारलेलं नसतं, त्यांना फक्त आधी विचारलं जातं की सणाच्या जेवणाला किती पोळ्या लागतील. एखाद्या गुरुवारी तुझ्या त्या दोन मुलींना घेऊन अशा एका आजीच्या घरी जा आणि बस. आजीलाही कळेल की हा वर्ग म्हणजे तिच्या ख्रिस्तीपणावर शंका नाहीये, उलट तिच्याकडे जे आहे ते मागायला पोरी आल्यात. बाकी त्या म्हणण्यात एक झाकलेली गोष्टही असते, की आपण जन्माने ख्रिस्ती आहोत, बाप्तिस्मा झाला, मोठेपणी मंडळीत दृढीकरणाचा विधी झाला, आता काय राहिलं. ते मात्र मान्य करू नकोस. पण त्यावर वादही घालू नकोस, वादाने चौथ्या पिढीतला कोणी जागा झालेला मी पाहिला नाही.

पुढची गोष्ट कामाची. आपण तरुणांना चर्चमध्ये काय काम देतो? खुर्च्या लावा, माईक लावा, ख्रिसमसला चांदणी टांगा. चांगली कामं आहेत, पण त्यात आत्म्याची वाढ होईल असं ओझं नाही. पंडिता रमाबाईंचं केडगाव बघ. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली आणल्या, त्यांना नुसतं अन्न-वस्त्र आणि रविवारची उपासना देऊन थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं मुलींच्या हातात दिलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलेलं पूर्ण शास्त्र त्याच छापखान्यात छापलं गेलं आणि खिळे जुळवणारे हात तिथल्याच बायका-मुलींचे होते. एक एक अक्षर उचलून शास्त्र जुळवणारी मुलगी त्या शास्त्रापासून लांब राहील का? त्यांच्यावर विश्वास ठेवून मोठं काम दिलं गेलं. १९०५ चं तिथलं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, आपण साक्षीत नेहमी सांगतो, त्याच्या आधीची ही सगळी वर्षं कोणी सांगत नाही.

तर तुझ्या मुलींना खरं काम दे. एखादी घरसभा त्यांनी चालवायची, गीत निवडायचं, शास्त्र वाचून दहा मिनिटं बोलायचं. आणि पुढच्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी एकावर बोलायचं काम एखादीला द्यायला पाळकसाहेबांना राजी कर. आपल्याकडे ते उद्गार वर्षानुवर्षं त्याच त्याच मंडळींकडे असतात ना. पण देऊन सोडायचं नाही. विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात आणि तरीही बाप आधी पाण्यात उतरलेला असतो, तसं तू आधी तिच्यासोबत त्या उद्गारावर महिनाभर बसायचं, तिने लिहिलेलं ऐकायचं, रिकाम्या चर्चमध्ये तिला एकदा बोलायला लावायचं. बोलताना ती चुकली तर नंतर घरी सांगायचं, प्रिस्किल्लाने सांगितलं तसं.

आणि वेळ लागणार. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० ला. एवढा मोठा कवी, एवढा प्रभावी बोलणारा, आणि स्वतःची बायको पटायला पाच वर्षं. त्यांची ताटातूट झाली, मग परत एकत्र आले, तरी सोवळं-ओवळं लगेच सुटलं नाही, ते हळूहळू सुटत गेलं, आणि जे काही घडलं ते एका घरात राहून, एकमेकांना रोज बघून घडलं. पण त्यानंतर त्या बाई कशा उभ्या राहिल्या ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. किंवा मार्कचंच घे, ज्याच्या नावाचं शुभवर्तमान तुला वाचायला सांगतेय. पंफुल्याला पौलाला सोडून घरी निघून गेला. पुढच्या प्रवासात पौल म्हणाला याला न्यायचा नाही, त्याचा सोबती बर्णबा म्हणाला न्यायचा, आणि त्यावरून एवढं वाजलं की दोघे वेगळे झाले. बर्णबाने त्याला सोबत घेऊन तारवात बसवलं आणि कुप्राला नेलं. तिथे काय झालं ते लिहिलेलं नाही. पण शेवटी तुरुंगातून पौलच लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधली सगळी वर्षं बर्णबाची आहेत आणि त्यांचा कुठल्या अहवालात आकडा नाही. तुझे ते पंधरा जण, जे गेले, त्यात एखादा मार्क असेल, रस्त्यात भेटला तर 'वर्गाला का येत नाहीस' हे सोडून दुसरं काहीही बोल त्याच्याशी.

सावधगिरीच्या काही गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण याच कामाच्या नावाखाली काही ठिकाणी फार वाईट झालंय. शिष्य येशूचे करायचेत, आपले नाहीत. लग्न कोणाशी करायचं, नोकरी कुठे धरायची, पगारातलं किती कोणाला द्यायचं, हे तू ठरवायचं नाहीस आणि 'देवाने मला दाखवलं' असं म्हणून तर कधीच नाही. कोणाचा मोबाईल तपासायचा नाही. मुलींसोबत बाई, मुलांसोबत पुरुष, आणि अठराच्या खालचं कोणी असेल तर आई-बापाला आधी सांगून, दार उघडं ठेवून, घरात दुसरं मोठं माणूस असताना. कोणी रात्र रात्र झोपत नाही, जगावंसं वाटत नाही म्हणाली तर प्रार्थना कर आणि त्याच दिवशी घरच्या मोठ्या माणसाला सांगून डॉक्टरकडेही ने, एक करून दुसरं टाळायचं नाही. आणि तुझ्या हातून कोणी पुढे निघून गेलं, दुसऱ्या मंडळीत गेलं, शहरात गेलं, तर आनंदाने जाऊ दे.

तुला स्वतःला कोण आहे गं? पत्रात तुझ्या नवऱ्याचा, मैत्रिणीचा, कोणाचाच उल्लेख नाही, सगळं तू एकटी करतेस असं दिसतंय, झेरॉक्सपासून प्रार्थनेपर्यंत. शाळा, घर, स्वयंपाक, आणि वर हे. मंडळीत किंवा तालुक्याच्या महिला मंडळात तुझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठी अशी एखादी बाई बघ जिच्यासमोर तू रडू शकशील, आणि महिन्यातून एकदा तिच्याकडे जा. हे मी सगळ्यात आधी करायला सांगतेय, त्या दोन मुलींच्याही आधी. जिला कोणी विचारणारं नाही ती दुसऱ्यांना फार दिवस विचारू शकत नाही.

पाळकसाहेबांचं राहिलं. ते वाईट नाहीत, त्यांनाही वर कागद पाठवायचा असतो. रविवारी उपासनेनंतर गर्दी पांगली की त्यांना सांग की १२ धड्यांचा वर्ग मी सातव्याला थांबवतेय, अहवालात १९ आले आणि ४ राहिले असं खरं तेच लिहा, आणि पुढच्या इस्टरपर्यंत मला दोन मुली द्या, आकडा विचारू नका, त्या दोघींचं कसं चाललंय ते विचारा. आणि कीबोर्डवाल्या मुलासाठी माणूस शोधायचा विषय त्याच वेळी काढ, आईने सांगितलेलं न सांगता, एवढंच म्हण की याला एका मोठ्या माणसाची सोबत हवीये. उरलेल्या मुलांसाठीही तेव्हाच विचार, मंडळीत एखादा पुरुष दर गुरुवारी चहा करायला तयार आहे का.

तुझ्यासाठी प्रार्थना करते आहे. आजीच्या घरी जाऊन आलात की काय झालं ते नक्की कळव.
— तुझी काकू